लेकरांची अम्मा, देशाची बी अम्मा

आबादी बानो बेगम हे नाव घेतलं तर आज फारच थोड्यांना काही आठवेल. 'अली बंधूंची आई' म्हटलं तर इतिहासाची पुस्तकं वाचणारे मान हलवतील. पण 'बी अम्मा' म्हटलं की आपल्या घरांतल्या वयस्कर माणसांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटते. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांच्या आईवडिलांनीही पाहिलं नाही, तेही घरातल्याच कुणा आजीबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलतात. शंभर वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झालेल्या एका बाईला असं घरपण मिळतं, ही साधी गोष्ट नव्हे.

रमजानचा दहावा रोजा उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (र.) यांच्या आठवणीचा. आपली सारी दौलत आणि सारा आधार पैगंबरांच्या (स.) पाठीशी उभा करणारी ती माउली. तिच्या वाटेनं ज्या असंख्य स्त्रिया पुढे चालल्या, त्यांत आपल्या देशातलं एक नाव बी अम्मांचं आहे. त्यांच्या आयुष्यातली तीन-चार वर्षं आपल्याच मुलखात, जुन्या मध्य प्रांतात गेली, हे आपल्या वाचकांना माहीत असावं म्हणून हा लेखप्रपंच.

रामपूरची तरुण विधवा

त्यांचा जन्म 1850 च्या सुमाराचा. माहेर अमरोह्याचं. जाणती होण्याच्या वयात त्यांनी सत्तावनचा उठाव आणि त्यानंतरची धरपकड यांच्या गोष्टी ऐकल्या असणार. उत्तर हिंदुस्थानातली किती तरी शरीफ घराणी तेव्हा उद्ध्वस्त झाली होती. लग्न झालं ते रामपूर संस्थानातल्या अब्दुल अली खान यांच्याशी. पाच मुलगे, एक मुलगी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण 1880 च्या सुमारास अब्दुल अली खान ऐन तारुण्यात वारले. शौकत सात वर्षांचा होता. मोहंमद, म्हणजे पुढचे मौलाना मोहंमद अली, दोन वर्षांचाही झाला नव्हता. बी अम्मांचं स्वतःचं वय तिशीच्या आसपास.

आपल्या दीनमध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नाही, उलट ते चांगलंच मानलं आहे. पण त्यांनी तो मार्ग घेतला नाही. सहा लेकरं हाच आपला संसार, असं त्यांनी ठरवून टाकलं. घरात जमीनजुमला होता, पण कारभार मुलांच्या काकांच्या हाती. खर्चाला मोजून पैसे मिळायचे.

इथे त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी लढाई सुरू झाली, आणि ती इंग्रजांशी नव्हती, घरातच होती. त्यांना मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं होतं. त्या काळात शरीफ मुसलमान घरांत इंग्रजी शिक्षण म्हणजे दीन गमावण्याची पहिली पायरी, असा समज पक्का होता. एक मुलगा तिकडे गेला होता. दुसऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा काकांनी साफ नकार दिला. घरात एक काफर पुरे, असा त्यांचा सूर होता. पैसेही मिळणार नाहीत, हे त्यातच आलं.

बी अम्मा वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या अंगावरचे दागिने काढले, घरात काम करणाऱ्या बाईच्या हाती गुपचूप सावकाराकडे पाठवले, ते गहाण ठेवून पैसे उभे केले आणि मुलाला बरेलीच्या शाळेत धाडून दिलं. काकांना कळलं तेव्हा मुलगा शाळेत बसला होता. घराण्याच्या सुनेचे दागिने सावकाराच्या पेटीत पडावेत, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी दागिने सोडवून आणले आणि शिक्षणाचा खर्च मालमत्तेतून द्यायला कबूल झाले. न भांडता, आवाज न चढवता एका बाईनं घरातला निर्णय फिरवला. गंमत अशी की त्यांची स्वतःची रीतसर शाळा कधी झालीच नव्हती. मोहंमद अलींनी ही हकीकत पुढे आपल्या आत्मकथनात मोठ्या प्रेमानं लिहून ठेवली. फारसं न शिकलेली आपली आई आपल्याला भेटलेल्या सगळ्या विद्वानांपेक्षा शहाणी होती, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बरेलीहून मुलं अलीगढच्या मोहंमडन अँग्लो ओरिएंटल कॉलेजात गेली. शौकत तिथे क्रिकेटच्या संघाचे कप्तान झाले, मग सरकारच्या अफू खात्यात नोकरीला लागले. स्वतःच्या पगारातून त्यांनी धाकट्या भावाला विलायतेला पाठवलं. मोहंमद अली 1898 मध्ये ऑक्सफर्डला गेले. आयसीएसच्या परीक्षेत त्यांना यश आलं नाही, पण आधुनिक इतिहासाची पदवी घेऊन ते परतले. पुढे काही वर्षं बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात त्यांनी नोकरी केली. आईनं मोठ्यांना वाढवायचं आणि मोठ्यांनी धाकट्यांना उचलायचं, ही या घराची रीत होती. आपल्याकडच्या किती तरी घरांची ती आजही आहे.

छिंदवाड्याचे दिवस

1911 मध्ये मोहंमद अलींनी कलकत्त्यात 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं, ते पुढे दिल्लीला नेलं आणि तिथेच 'हमदर्द' हे उर्दू दैनिक काढलं. लेखणीला धार होती. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं, तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला आणि 'कॉम्रेड'वर सरकारची खप्पामर्जी झाली. 1915 च्या मे महिन्यात दोघा भावांना नजरकैदेत टाकण्यात आलं. आधी दिल्लीजवळचं मेहरौली, मग गढवालच्या डोंगरातलं लॅन्सडाउन आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छिंदवाडा.

छिंदवाडा आपल्याला परकं नाही. तेव्हा चांदा आणि छिंदवाडा हे एकाच मध्य प्रांताचे जिल्हे होते आणि दोघांचा कारभार नागपुरातून चालायचा. त्याच्याही आधी चांद्याला गोंड राजांची गादी होती, तशीच छिंदवाड्याच्या मुलखात देवगडला होती. देवगडच्या बख्त बुलंद शहानंच नागपूर वसवलं. सौंसर, पांढुर्ण्याकडे आजही घराघरांत मराठी बोलली जाते. सातपुड्याचं रान, सागाची झाडं, उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, हे दृश्य तिथलं आणि आपल्या सावली-मूलकडचं वेगळं नाही. रामपूर-दिल्लीच्या माणसांना सरकारनं मुद्दाम अशा दूरच्या, शांत गावी आणून ठेवलं, की लोकांना त्यांचा विसर पडावा.

ही तुरुंगातली कोठडी नव्हती. गाव सोडायचं नाही, सभेत बोलायचं नाही, पत्रं सरकारी नजरेखालून जाणार, अशी ती कैद होती. शिक्षा झाली होती मुलांना, पण बी अम्मा त्यांच्याबरोबर राहायला आल्या. त्यांचं वय साठीच्या पुढे गेलेलं. सुना, नातवंडं अशी सगळी गोतावळ त्यांच्याभोवती. त्या वयात बाई आपल्या घरच्या अंगणात तस्बीह घेऊन बसायची अपेक्षा करते. यांनी परमुलखात पुन्हा चूल मांडली.

छिंदवाड्यातले रमजान या घरानं असेच काढले. मोहंमद अलींनी लिहून ठेवलं आहे की नजरकैदेच्या सक्तीच्या निवांतपणात त्यांना कुरआन शरीफ खऱ्या अर्थानं सापडलं. ऑक्सफर्डला जाऊन आलेला माणूस चाळिशीकडे झुकताना अर्थासकट, मन लावून कुरआन वाचू लागला. लहानपणी ज्या आईला इंग्रजी शाळेमुळे मुलाचा दीन बुडेल अशी धमकी मिळाली होती, तिच्याच डोळ्यांदेखत हे घडत होतं. दागिने गहाण ठेवताना तिनं जो भरवसा धरला होता, त्याचं याहून मोठं उत्तर काय असणार?

1917 मध्ये सुटकेची वाट दिसू लागली. सरकारनं गुप्तचर खात्याचा एक अधिकारी छिंदवाड्याला पाठवला. हातात एक मसुदा होता. युद्ध संपेपर्यंत सरकारच्या शत्रूंना मदत होईल असं काही करणार नाही, अशी हमी लिहून द्यायची आणि मोकळं व्हायचं. अशा वेळी कुठल्याही आईच्या काळजानं काय सांगितलं असतं, हे वेगळं लिहायला नको. पण बी अम्मा पडद्याआडून बोलल्या ते ऐकून घरातले आणि बाहेरचे सगळेच चपापले. आपल्या दीनच्या आणि देशाच्या विरुद्ध जाणारी हमी देऊन मुलं सुटणार असतील, तर त्यांचे गळे दाबायला या म्हाताऱ्या हातांत अजून ताकद आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही आठवण पुढे देशभर सांगितली गेली. भावांनी दीनच्या कर्तव्यांना बाध येणार नाही अशी अट घातल्याखेरीज सही करायचं नाकारलं. सरकारला तेवढंही पुरेसं वाटलं नाही. कैद वाढली.

हे वाचून कुणाला त्या कठोर वाटतील. पण कठोर बाई मुलांच्या मागे परमुलखात जात नाही. मुलांच्या सुखापेक्षा त्यांचा मान मोठा, असं मानणारी ही माया होती. ती दोन्ही ओझी एकदम उचलू शकत होती.

पडद्याआडून मंचावर

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्याला मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष म्हणून निवड झाली होती मोहंमद अलींची, आणि ते होते छिंदवाड्यात. अध्यक्षाच्या खुर्चीत माणूस नाही आणि मंचावर बुरख्यातली एक वृद्ध बाई उभी, असं ते अधिवेशन. बी अम्मा बुरख्याआडूनच बोलल्या. हजारो पुरुषांच्या सभेत मुसलमान घरातल्या बाईनं उभं राहून बोलणं ही तेव्हा न ऐकलेली गोष्ट होती. त्याच आठवड्यात त्याच शहरात काँग्रेसचंही अधिवेशन होतं. अध्यक्षस्थानी अॅनी बेझंट होत्या. त्या स्वतः काही महिन्यांपूर्वीच नजरकैदेतून सुटल्या होत्या, आणि त्यांच्या सुटकेच्या चळवळीत बी अम्मांचाही हात होता. तिथे अली बंधूंच्या सुटकेचा ठराव मांडला तो लोकमान्य टिळकांनी. मराठी वाचकांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

सुटका व्हायला मात्र आणखी दोन वर्षं गेली. 1919 मध्ये दोघा भावांना छिंदवाड्याहून शेजारच्या बैतूलच्या तुरुंगात हलवलं गेलं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर ते बाहेर आले. तिथून थेट अमृतसरच्या काँग्रेसला गेले. मग खिलाफतीचा प्रश्न, गांधीजींची साथ, असहकार. 1920 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं.

1921 च्या सप्टेंबरात मोहंमद अलींना वॉल्टेअर स्थानकावर अटक झाली, शौकत अलीही पकडले गेले. कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला आणि दोघांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. मुलगे तुरुंगात गेले आणि सत्तरीच्या बी अम्मा घराबाहेर पडल्या. सोबत मोहंमद अलींच्या पत्नी अमजदी बेगम. आगगाडीच्या डब्यातून, टांग्यातून, गावोगाव. त्या वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे होते. बी अम्मा बायकांच्या सभांत जाऊन त्यासाठी पदर पसरत. ज्यांनी कधीकाळी मुलाच्या फीसाठी स्वतःचे दागिने उतरवले होते, त्या बाईनं मागितल्यावर नाही म्हणायचं धाडस कुणाला झालं असेल! विलायती कापड टाकून द्या, चरखा धरा, खादी नेसा, आणि हिंदू-मुसलमानांनी भावासारखं राहा, एवढंच त्यांचं सांगणं. अहमदाबादेत काँग्रेसच्या वेळी स्त्रियांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानीही त्याच होत्या.

पंजाबातल्या एका मोठ्या सभेत त्यांनी चेहऱ्यावरचा नकाब वर केला. जन्मभर पडदा पाळलेली ही बाई. समोर बसलेले सगळे मला माझ्या मुलांसारखे आहेत, आणि मुलांपुढे आईला कसला पडदा, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. इतिहासकार याला क्रांती म्हणतात. मला त्यात त्यांची जुनीच रीत दिसते. दागिने गहाण ठेवतानाही त्यांनी घराण्याशी नातं तोडलं नव्हतं. नकाब काढतानाही त्यांनी दीन सोडला नाही की रिवाजाची टिंगल केली नाही. त्यांनी आपल्या घराचा उंबरठाच एवढा पुढे सरकवला की सगळा देश आत आला. लोक त्यांना बी अम्मा म्हणू लागले ते त्यामुळे. त्यांच्या तोंडी घातलेलं एक गाणं तेव्हा उत्तर हिंदुस्थानातल्या गल्लीबोळांत मुलं म्हणत फिरायची.

शेवटचे दिवस

बी अम्मांच्या आयुष्याचा शेवट विजयाच्या मिरवणुकीत झाला नाही, हेही सांगायला हवं. 1924 च्या मार्चमध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत बरखास्त केली. ज्या गोष्टीसाठी त्यांनी मुलं तुरुंगात पाठवली, ती गोष्टच उरली नाही. त्याच सुमारास मोहंमद अलींची तरुण मुलगी, बी अम्मांची नात आमिना, क्षयानं गेली. असहकार थांबला होता. हिंदू-मुसलमान एकीला तडे जात होते. आपल्या नागपुरात दंगली झाल्या, दूर कोहाटला त्याहून मोठी दंगल झाली. त्या दुःखानं गांधीजींनी सप्टेंबर 1924 मध्ये एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला तो दिल्लीत, मोहंमद अलींच्या घरी. हिंदू नेत्यानं एकीसाठी मुसलमानाच्या घरात उपवास करायचा, आणि त्या घरची थोरली बाई अंथरुणाला खिळलेली. त्या घरानं त्या तीन आठवड्यांत काय काय पाहिलं असेल!

13 नोव्हेंबर 1924 रोजी बी अम्मा गेल्या. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. गांधीजी त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांना भेटत होते, आणि नंतर त्यांनी 'यंग इंडिया'त त्यांच्यावर मनापासून लिहिलं. आजारपणातही त्या स्वराज्याची आणि एकीची चौकशी करत. आपल्या जनाज्यावर खादीशिवाय दुसरं कापड घालायचं नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. जग हरलं असं वाटण्याच्या त्या वर्षीही त्यांनी आपला शब्द फिरवला नाही. आपण ज्याला सब्र म्हणतो तो हाच. सब्र म्हणजे मुकाट्यानं सोसणं, असा अर्थ आपण फार सोपा करून टाकला आहे. धरलेली वाट न सोडणं हा त्याचा खरा अर्थ.

मोहंमद अली 1931 च्या जानेवारीत लंडनला वारले आणि त्यांना जेरुसलेममध्ये दफन करण्यात आलं. शौकत अली 1938 मध्ये गेले. मुलांच्या राजकारणाबद्दल पुढे बरेच मतभेद झाले, आजही आहेत. खिलाफतीची चळवळ शहाणपणाची होती का, यावर विद्वान वाद घालतात. तो वाद त्यांनी जरूर घालावा. बी अम्मांबद्दल मात्र वाद घालणारा क्वचितच भेटतो.

आपल्या घरांतल्या बी अम्मा

या महिन्यात आपण जकातीचा हिशेब करतो. कपाटातलं सोनं काढतो, वजन करतो, चाळिसावा हिस्सा बाजूला ठेवतो. सोनं साठवण्यासाठी नसतं, ते फिरतं राहिलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. बी अम्मांनी आपलं सोनं शिक्षणासाठी फिरवलं.

माझ्या वर्गात राजुरा, बल्लारपूर, आलापल्ली, सिरोंच्याकडून मुली येतात. त्यांच्या प्रवेशअर्जावर पालक म्हणून बहुतेक वेळा वडिलांची सही असते. पण फी भरायची शेवटची तारीख जवळ आली की कळतं, कुठल्या आईनं तेंदूपत्त्याच्या हंगामाची मजुरी जपून ठेवली होती, कुणी शिवणकामाचे पैसे डब्यात साठवले होते, कुणाच्या कानातले डूल गेल्या महिन्यापासून दिसत नाहीत. या बायांची नावं कुठल्या पुस्तकात येणार नाहीत. त्यांची मुलं ऑक्सफर्डला जाणार नाहीत आणि वर्तमानपत्रंही काढणार नाहीत. तरी त्या करतात ते काम तेच आहे.

आपल्याकडे एक खोड आहे. अशी आई जिवंत असते तेव्हा तिच्या हातचं खातो, आणि ती गेल्यावर फातेहाच्या दिवशी तिच्या हाताला कशी चव होती ते सांगतो. तिनं काय ठरवलं, कुणाला विरोध केला, कुठले निर्णय घेतले, हे आपण सांगत नाही. बी अम्मांच्या मुलानं ते सांगितलं, लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला त्या गहाण ठेवलेल्या दागिन्यांची गोष्ट माहीत आहे. नाही तर त्याही इतिहासात फक्त कुणाची तरी आई म्हणून राहिल्या असत्या. आबादी बानो हे नाव पुसलं गेलं असतं.

तेव्हा या रमजानमध्ये इफ्तारीच्या दस्तरखानावर घरातल्या थोरल्या बाईला थोडं बोलतं करा. ती कुठल्या साली, कुठल्या गावाहून, काय घेऊन या घरात आली ते विचारा. मुलीच्या शाळेसाठी ती कुणाशी भांडली होती ते विचारा. जी हयात नाही, तिच्याबद्दल तिच्या बहिणीला विचारा. आणि ऐकलेलं कुठे तरी लिहून ठेवा, वहीच्या मागच्या पानावर का होईना. मगफिरतीच्या दुआत तिचं नाव घेताना मग नुसतं अम्मी, नानी, दादी राहणार नाही. तिचं स्वतःचं, आईबापांनी ठेवलेलं नाव येईल.

अल्लाह तआला बी अम्मांची आणि आपल्या घरांतून गेलेल्या सगळ्या मायबहिणींची मगफिरत करो, आणि ज्या आहेत त्यांची सावली आपल्यावर कायम ठेवो. आमीन.